चूक कोणाची, हा रकाना नसलेला अर्ज

मला दोन्ही बाजूंनी बोलावणं येतं. लस म्हणजे मोठा कट आहे असं ज्यांना वाटतं ते म्हणतात, "मंदार, तू बोल. तुझ्यावर तर बेतलं होतं." आणि लसीबद्दल शंका विचारणारा प्रत्येक माणूस ज्यांना अडाणी वाटतो ते म्हणतात, "मंदार, तू गप्प बस. लोक उगाच घाबरतील." मी दोघांनाही चहा देतो आणि विषय बदलतो. मी कोणाचाही पुरावा नाही. मी लस घेतली, त्यातून मला आजार झाला, मी बरा झालो. माझ्या आजूबाजूच्या शेकडो माणसांनी तीच लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकदम मान्य करायला लोकांना का जड जातं ते मला कळत नाही.

हे लिहितोय ते तिसऱ्याच माणसासाठी. तो आत्ता कुठल्यातरी वॉर्डात छातीला तारा लावून बसला असेल, आणि बाहेर त्याच्या घरचे हळू आवाजात विचारत असतील, हे झालं कोणामुळे? मला विचाराल तर आजारापेक्षा त्या प्रश्नाने आमच्या घराला जास्त छळलं.

माझी ओळख थोडक्यात. मी मूळचा चिंचवडचा. सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर आहे. म्हणजे अपघात होऊ नये म्हणून लोकांच्या मागे भुणभुण लावायची आणि तरी झालाच तर तो कसा झाला ते शोधायचं, हे माझं काम. बायको ऋजुता एका बँकेच्या आयटी विभागात आहे. मुलगी इरा तेव्हा सहा वर्षांची होती. आम्ही यिशुनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. आई चिंचवडला एकटी असते. ती शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती, आणि निवृत्तीनंतरही सोसायटीतल्या बायकांना गच्चीवर सूर्यनमस्कार शिकवायची.

त्या सकाळी

कोविडच्या लसीचा बूस्टर डोस घेतला तेव्हा हातात एक कागद दिला होता. पुढचे दोन आठवडे दमवणारा व्यायाम टाळा, असं त्यात होतं. मी धावत नाही, पोहता मला येत नाही आणि जिमचे फक्त पैसे भरतो. तेव्हा आपल्याला काय धोका, असं म्हणून मी तो कागद फ्रिजवर लावून टाकला.

तिसऱ्या दिवशी रथसप्तमी होती.

आमच्या घरी रथसप्तमीला एकशे आठ सूर्यनमस्कार घालतात. एरवी आई त्याला सर्वांगसुंदर व्यायाम म्हणते, पण त्या दिवशी तो व्यायाम नसतो, नेम असतो. आरतीला टाळ्या वाजवताना आपण हाताचा व्यायाम करतोय असं कोणी म्हणत नाही, तसंच. त्यामुळे फ्रिजवरच्या कागदाचा आणि रथसप्तमीचा काही संबंध असेल, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी दिवसभर धोके हुडकून पगार घेणारा माणूस, आणि माझ्याही नाही.

सूर्य सिंगापूरला आधी उगवतो. म्हणून दर वर्षी आई तिकडे काळोखातच उठून व्हिडिओ कॉलवर येते आणि तिच्या शब्दांत "तुझ्या सूर्याला" नमस्कार घालते. मोजायचं काम तिचं. आमच्या हॉलमध्ये चपलांच्या कपाटाला टेकवून टॅब उभा करायचा, समोर चटई टाकायची, की झाली तयारी.

आदल्या संध्याकाळी बोलताना मी सहज म्हटलं होतं, "आई, छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय गं."

"दिवसभर खुर्चीत वाकून बसतोस, दुसरं काय होणार? उद्या नमस्कार घाल, छाती मोकळी होईल," ती म्हणाली. मला पटलं. लहानपणापासून सर्दी, अपचन, परीक्षेची भीती, सगळ्यावर तिचा हाच उपाय होता आणि बहुतेक वेळा तो लागू पडायचा.

सकाळी ऋजुताने दूध उतू घालवलं, सूर्याला नैवेद्य दाखवला. मी सुरुवात केली. पन्नास-साठपर्यंत नुसताच जडपणा होता. ऐंशीच्या पुढे तो जडपणा दुखण्यात बदलला, आणि नव्वदीत पोचल्यावर मी जमिनीवर टेकवलेलं कपाळ मला उचलताच येईना. उताणा झालो तर छातीवर कोणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं व्हायचं. पुढे वाकून बसलो की किंचित कमी व्हायचं. टॅबमधून आई म्हणत होती, "थांबलास का रे? थोडेच राहिलेत." मग तिला माझा चेहरा दिसला आणि ती ऋजुताला हाका मारायला लागली.

पुढचं सगळं भराभर झालं. ॲम्ब्युलन्स आली, इराला समोरच्या फ्लॅटमधल्या मलय आजींकडे सोडलं, ऋजुता एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात माझी चप्पल घालून निघाली. कॉल बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. आई चिंचवडला बसून आमचा रिकामा हॉल बघत राहिली. चटई तशीच पडलेली, त्यावर ऊन आलेलं. कोणीतरी परत येऊन आपल्याला काहीतरी सांगेल म्हणून ती बराच वेळ तशीच बसली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तारांमधला माणूस

इमर्जन्सीमध्ये एका तरुण डॉक्टरने ईसीजी बघितला आणि विचारलं, "अलीकडे लस घेतलीत?"

"तीन दिवसांपूर्वी."

त्या उत्तरानंतर माझ्याभोवतीची माणसं वाढली. रक्त गेलं, मशीन आलं, माझी ट्रॉली भिंतीजवळून मधोमध आणली गेली. मी प्लांटमध्ये अशी धावपळ खूपदा बघितली आहे. माणसं शांत आवाजात बोलायला लागली की समजायचं प्रकरण गंभीर आहे. ते सगळेच शांतपणे बोलत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर घाबरलो. माझा हात धरायला कोणी नव्हतं, कारण ऋजुताला काचेच्या दारापलीकडे थांबवलं होतं.

संध्याकाळपर्यंत नाव कळलं: हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. कोह या पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या बाई होत्या. त्यांनी कागदपत्रं चाळली आणि विचारलं, "इथे 'योगा' लिहिलंय. कसला योगा?"

मी सूर्यनमस्कार म्हणजे काय ते सांगितलं. खाली जायचं, दंडासारखं टेकायचं, पाठ वाकवायची, परत उभं राहायचं.

"आणि असे किती?"

"एकशे आठ. पण पूर्ण झाले नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर मंदार, हा योगा नाही. हे नॅशनल सर्व्हिस आहे."

मला हसू आलं आणि हसताना दुखलं. इथल्या प्रत्येक मुलाला करावी लागणारी ती सैनिकी सेवा आमच्या घरी आई फुकट करवून घेते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे रक्त काढायचे, मग नाश्त्याला इंडियन व्हेजच्या नावाखाली एक पोळी यायची जी वाकवली तर मोडायची. दुपारी माइलो, म्हणजे इथलं बोर्नव्हिटा. तेव्हा कोविडमुळे वॉर्डात भेटायला यायला बंदी होती, म्हणून ऋजुता खाली उभी राहून फोन करायची आणि मी खिडकीपर्यंत जायची परवानगी मागायचो. परवानगी मिळायची नाही. मग ती खालून सांगायची, "मी आत्ता त्या पिवळ्या फुलांच्या झाडाखाली आहे," आणि मी पलंगावरून छताकडे बघत ते झाड मनात बघायचो. एकदा ती काहीच बोलली नाही, नुसती रडली. मी म्हटलं, "अगं, बोल काहीतरी." ती म्हणाली, "बोलले तर इराला कळेल. ती शेजारी उभी आहे."

आडवं झालं की दुखायचं, त्यामुळे झोपेचे हाल होते. केरळच्या एका सिस्टरने त्यावर तोडगा काढला. पलंगावर सरकवायचं जेवणाचं टेबल छातीपर्यंत उंच केलं, त्यावर दोन उशा रचल्या आणि हिंदीत म्हणाली, "भैया, शाळेत बेंचवर झोपायचात ना? तसे झोपा." मी झोपलो. औषधांची नावं आता आठवत नाहीत, त्या दोन उशा आठवतात.

शेजारच्या पलंगावर एक चिनी अंकल होते, बायपास झालेले. त्यांना माझ्या वयाचं फार आश्चर्य. "यंग मॅन, हार्ट ऑलरेडी स्पॉइल आह?" असं ते रोज विचारायचे. मी लसीमुळे झालं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मी तर तिन्ही घेतल्या. आपलं आपलं नशीब." त्यात टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या वाटचं केळं माझ्या टेबलावर ठेवलं.

मला राग येत नव्हता असं नाही. भरपूर यायचा. मी नियम पाळणारा माणूस. सांगितलं तेव्हा मास्क लावला, सांगितलं तेव्हा घरी बसलो, सांगितलं तेव्हा दंड पुढे केला. मग मलाच का? रागाला धरायला समोर कोणी नव्हतं. सरकारवर रागवावं तर तेच सरकार पलंगाजवळ तीन पाळ्यांत नर्स पाठवत होतं.

घरी

घरी पाठवताना डॉ. कोह यांनी सहा महिने व्यायाम बंद, वजन उचलणं बंद, साइटवर जाणं बंद असं सांगितलं. या वेळी मी उदाहरणं विचारून घेतली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीही फुंकून प्यायला लागलो. जिना चढताना थांबायचो, हसायच्या आधी विचार करायचो. इराला उचलून घ्यायचं नव्हतं. तिला कारण सांगितलं तर तिने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मी बस पकडायला दोन पावलं घाईने टाकली की ओरडायची, "बाबा, डोन्ट रन लाह! युअर हार्ट नॉट रेडी!" सगळी बस बघायची. आपल्या मुलीला आपली काळजी करावी लागते याची मला लाज वाटायची, आणि ती करते याचं बरंही वाटायचं.

ऋजुता मात्र तुटेपर्यंत ताणली गेली होती. तिची नोकरी, इराची शाळा, माझी औषधं. वर, मी साइटसाठी अनफिट ठरलो तर नोकरीचं काय आणि नोकरीवर टेकलेल्या, इथे राहायच्या पासचं काय, ही टांगती तलवार. एकदा भाजी जास्त तिखट झाली एवढ्यावरून आम्ही इतके भांडलो की इरा कानावर हात ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसली. आजारी माणसाला घरात सगळे जपतात, पण जपणाऱ्याला कोण जपणार हा प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा बोलला गेला. मग मी भात-आमटी करायला शिकलो. आमटी करायला हृदयाची परवानगी लागत नाही.

आई

या सगळ्यात आई बदलली होती, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ती व्हिडिओ कॉल घेईना. "रेंज नाही रे," म्हणायची आणि साधा फोन करायची. बोलणंही मोजकं. औषध घेतलंस? जेवलास? ठेवते.

मग एकदा तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "मंदार, तुझ्या आईने गच्चीवरचा वर्ग बंद केला. बायका येतात आणि कडी लावलेली बघून परत जातात. स्वतःही नमस्कार घालत नाही. जेवण निम्म्यावर आलंय. काही झालंय का तुमच्यात?"

मी लगेच आईला फोन लावला आणि सरळ विचारलं. आधी ती उडवाउडवी करत राहिली. मग म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस."

"काय सांगितलं होतं?"

"छाती भरल्यासारखी वाटते म्हणून. आदल्या दिवशी. इतकी वर्षं शाळेत पोरांना सांगत आले, दुखत असेल तर थांबा, बाईंना सांगा. आणि माझ्या पोराने सांगितलं तर मी काय म्हटलं? नमस्कार घाल, मोकळी होईल. वर मोजत बसले. तू थांबलास तर म्हणते, थोडेच राहिलेत."

"आई, ते लसीमुळे झालं. डॉक्टर म्हणाल्यात."

"डॉक्टर तुला म्हणाल्या. मी तुला खाली वाकलेलं बघितलंय."

तिला समजवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण मुलगा आईला दुसरं काय सांगणार, असं धरून ती माझं प्रत्येक वाक्य बाजूला ठेवत होती. मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. माझं हृदय औषधांनी बरं होत होतं. तिच्या दुखण्याला माझ्याकडे औषध नव्हतं, आणि ते दुखणं तिला खाऊन टाकत होतं.

अर्ज

पुढच्या तपासणीला डॉ. कोह यांनी सरकारच्या मदत योजनेबद्दल सांगितलं. लसीमुळे ज्यांना गंभीर त्रास झाला असेल त्यांच्यासाठी ती होती आणि आमच्यासारख्या पासवर राहणाऱ्यांनाही लागू होती. अर्जातला वैद्यकीय भाग डॉक्टरांनी भरायचा. मग बाहेरच्या तज्ज्ञांचं एक मंडळ सगळं वाचून ठरवणार की त्रास लसीशी जोडलेला आहे की नाही.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

खरं कारण वेगळं होतं. आमचा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज त्या वेळी सरकारदरबारी पडलेला होता. एकाच सरकारच्या एका खिडकीवर आम्हाला कायमचं राहू द्या म्हणायचं आणि दुसऱ्या खिडकीवर तुमच्या लसीने माझं नुकसान केलं म्हणायचं? मराठी मित्रांना विचारलं तर सगळ्यांचं एकमत. "कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतोस? कुठेतरी नोंद होईल. आपण इथे पाहुणे." यातल्या एकालाही नोंद होते की नाही हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण परदेशात राहणाऱ्या माणसाला भीती वाटायला माहितीची गरज लागत नाही.

हे मी रात्रीच्या जेवणाला ऋजुताला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

"तू रोज सकाळी साइटवर कामगारांना काय सांगतोस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांग ना."

मी सांगितलं. रोज काम सुरू व्हायच्या आधी छोटी सभा असते, तिथे मी सांगतो की काही घडलं, किंवा घडता घडता राहिलं, तरी कळवा. कळवणं म्हणजे तक्रार नव्हे. कोणी केलं हे आम्ही विचारणार नाही, काय झालं एवढंच विचारू.

"आणि ते कळवतात?"

"घाबरतात. त्यांना वाटतं वर्क परमिट जाईल."

"मग तू त्यांना काय म्हणतोस?" तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

मी तिचं ताट परत तिच्यासमोर सरकवलं. आईला कळल्यावर तिने वेगळीच अडचण काढली. "माझ्या हातून झालं त्याचे पैसे सरकारकडून घ्यायचे? ते मला पचायचे नाहीत. तुला कमी पडत असतील तर माझी एफडी मोड."

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट स्पष्ट झाली. कंपनीच्या विम्यातून भागल्यानंतर उरलेल्या बिलाला ते पैसे उपयोगी पडले असते, हे खरं. पण मला हवं होतं ते दुसरंच. या विषयात आयुष्य घालवलेली, मला किंवा आईला न ओळखणारी माणसं असावीत, त्यांनी सगळं वाचावं आणि मग सांगावं की हे कशाने झालं. माझं आई ऐकत नव्हती. कदाचित त्यांचं ऐकेल.

आणि त्यातच धोकाही होता. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर आईने त्याचा एकच अर्थ लावला असता. मग तिला त्यातून बाहेर काढणं मला जमलं नसतं.

मी डॉ. कोह यांना भेटलो आणि त्यांना माहीत नसलेली एक गोष्टही सांगितली: आदल्या संध्याकाळी छाती भरल्यासारखी वाटत होती, मी आईला बोललो होतो, आणि तिने नमस्कार घालायला सांगितलं.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "आदल्या संध्याकाळी? म्हणजे व्यायामाच्या आधी?"

"हो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आईचं नाव यायला नको म्हणून."

त्यांनी अर्ज उघडलेली स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा. काय घेतलं, केव्हा घेतलं, काय झालं, केव्हा झालं. चूक कोणाची असा रकाना आहे का यात कुठे?"

मी खालपर्यंत बघितलं. नव्हता.

"सूज आधीच सुरू झाली होती," त्या म्हणाल्या. "नमस्कारांनी त्रास वाढला असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या आईने ती आणली नाही. तुम्ही लपवलेली गोष्ट उलट त्यांच्याच बाजूची होती."

जे कोणी या वाटेने जात असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, डॉक्टरांना सगळं सांगा. घरच्यांची लाज राखायला म्हणून आपण जे गाळतो, नेमकं तेच कामाचं असू शकतं.

त्याच आठवड्यात मी आईला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "चांगल्या आहेत बाई. तुझं मन राखलं." मग मी वाट बघण्याखेरीज काही करू शकत नव्हतो. महिने गेले. मी ब्लॉकभोवती चालायला लागलो, मग एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत, मग पुन्हा जुरोंग ईस्टहून कंपनीच्या बसने आयलंडवर, आधी फक्त ऑफिसपुरता. पोस्टाची पेटी मात्र दिवसातून दोनदा उघडून बघायचो. लोकांना वाटायचं मी पीआरच्या पत्राची वाट बघतोय.

उत्तर

उत्तर आलं तेव्हा मी घरी एकटाच होतो. कोरड्या सरकारी इंग्रजीत लिहिलं होतं की मंडळाने सर्व वैद्यकीय माहिती तपासली आणि माझा आजार बहुधा लसीशी संबंधित आहे असं त्यांचं मत झालं, म्हणून मदत मंजूर केली आहे. मी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं, मग खाली बसून एकदा. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो हे मला तेव्हा कळलं. मी रडलोही. घरात कोणी नसल्याचा फायदा घेतला.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला. नेहमीप्रमाणे तिने तो घेतला नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी घेतला. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा दिसला, खूप वाळलेला.

"आई, सरकारचं पत्र आलंय. वाचून दाखवतो." मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

ती ऐकत राहिली. "बहुधा म्हणजे?"

"शास्त्रज्ञ माणसं कधी नक्की म्हणत नाहीत. बहुधा म्हणजे त्यांच्या भाषेत हो."

"नमस्कारांचं त्यांना सांगितलं होतंस?"

"सगळं सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळचंही. तू काय म्हणालीस तेसुद्धा डॉक्टरांनी लिहून दिलं होतं."

"आणि तरी ते म्हणतात लसीने?"

"तरी म्हणतात लसीने."

तिने पदराने चष्मा पुसला, घातला, परत काढला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा देवापुढे साखर ठेवायला उठेल. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"मंदार, तुला सुई टोचली ती कोण रे? मुलगी होती का?"

"हो, होती एक. विशीतली असेल. का गं?"

"तिला काही बोलले नाहीत ना कोणी?"

"नाही आई. तिचा काय दोष?"

"दोष नाही रे, ते मला कळतं. पण हे असं झालं, हे तिला कळवलंय का कोणी?"

"नसेल कळवलं. मला नाही वाटत."

"मग नका कळवू," आई म्हणाली. "तुम्ही कितीही सांगा तिचा दोष नाही म्हणून. झोप लागत नाही रे त्यानंतर."